सोवळ्यातलं टोक

वायरींच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवलेलं कार्ड ऋतिकानेच लिहिलं होतं. ठळक, सरळ अक्षरात: "टोक सोवळ्यात आहे. हात लावू नये. फुंकर मारू नये. तपासल्याशिवाय जोडू नये."

घाटकोपरला नवं एक्स-रे सेंटर सुरू होणार होतं. तळमजल्यावर तपासणीच्या खोल्या, वर डॉक्टरांची रिपोर्ट लिहायची खोली. खाली काढलेला फोटो काचेच्या तंतूतून वर डॉक्टरांच्या पडद्यावर पोचणार. ही फायबरची जोडणी चंद्रप्रकाश सरांच्या अंधेरीतल्या लहानशा कंपनीकडे होती, आणि ऋतिका त्या कंपनीत फिजिक्सची एम.एस्सी. घेऊन जूनमध्ये लागली होती. प्रबुद्ध तिच्या आधीपासून होता. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. या सेंटरची जोडणी त्याने केली होती, आणि उद्घाटन सुरळीत पार पडलं की ही साइट कायमची त्याच्याकडे देणार, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्याच्या नावावरची ती पहिली साइट ठरणार होती.

ऋतिकाला या कामातली बारीकसारीक गोष्ट आवडायची. पहिल्याच आठवड्यात तिने पॅचकॉर्डच्या एका टोकातून तपासणीचा लाल प्रकाश सोडला होता आणि ती पिवळी वायर बोटाभोवती घट्ट गुंडाळून पाहिली होती. वळणावर वायर आतून लाल झाली. प्रकाश गळत होता. कॉलेजात फळ्यावर काढलेल्या किरणांच्या आकृत्या तिला त्या क्षणी खऱ्या वाटल्या. मग तिने सगळं शिकून घेतलं. निळ्या टोकाच्या वायरीला हिरव्या टोकाची वायर कधी जोडायची नाही, कारण हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं. दोन्ही एकमेकांत खटकन बसतात, पण आत काचेला काच भिडत नाही. वायर गरजेपेक्षा फार लांब घ्यायची नाही, ताणली जाईल इतकी आखूडही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोक. टोकावरच्या ज्या ठिपक्यातून प्रकाश जातो तो केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्शाएवढा. धुळीचा एक कण त्याच्यावर बसला तरी दार लावल्यासारखं होतं.

हे साइटवरच्या सुतारांना, रंगाऱ्यांना, सेंटरच्या मॅनेजर कुंदाताईंना कसं समजवायचं, असा प्रश्न होता. तेव्हा तिला हा शब्द सुचला. आजी गावाला सोवळ्यात असली की पोरं कशी लांबून जायची! लोकांना लगेच कळेल.

प्रबुद्धने कार्ड वाचलं होतं. हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून तो म्हणाला होता, "सोवळं कशाला? 'स्वच्छ' लिही ना."

"अरे, स्वच्छ म्हटलं की लोक शर्टाला पुसतात. सोवळं म्हटलं की लगेच कळतं त्यांना."

"हो," तो म्हणाला, "कळतं." आणि पुन्हा कामाला लागला.

त्याला पटलं, असं ऋतिका धरून चालली.

उद्घाटन दसऱ्याच्या मुहूर्तावर होतं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सरांनी पूजा सेंटरमध्येच ठेवली. कंपनीच्या हत्यारांची पूजा दरवर्षी अंधेरीच्या ऑफिसात व्हायची, पण या वर्षी हत्यारं इथेच होती. टेबलावर पांढरं कापड, त्याच्यावर कटर, टेस्टर, लॅपटॉप, नव्या पॅचकॉर्डची पाकिटं, झेंडूची फुलं. कुंदाताईंनी घरून कुंकवाचा करंडा आणला होता.

"ऋतिका, तू कर गो पूजा," सर म्हणाले. दिंडोशीत जन्म गेला तरी सरांच्या बोलण्यातलं मालवण गेलं नव्हतं. "कंपनीची लक्ष्मी तू."

प्रबुद्ध वर होता. पूजेच्या वेळी त्याला नेमकं दुसऱ्या मजल्यावर काम निघायचं. कोणी विचारत नसे, त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

ऋतिकाने अनामिकेने प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लावलं. रॅकला लावलं, आत वायरी जिथे जोडतात त्या स्विचच्या डब्याला लावलं. सर मोबाइल काढून दोन पावलं मागे गेले आणि थांबले.

"ही पिवळी जिलबी काय लोंबतेय मध्येच? फोटोत घाण दिसतंय. सेंटरचे मालक हा फोटो पेपरात देणार आहेत."

प्रबुद्धने तिथे पाच मीटरची कॉर्ड लावली होती. उरलेल्या भागाचे मोठे, सैल वेढे करून बाजूला अडकवले होते. एसीचं काम राहिल्यामुळे रॅक नंतर भिंतीपासून ओढावा लागणार होता, म्हणून. ऋतिकाला ते ठाऊक होतं.

"छोटी लावते सर. दोन मिनिटं."

टेबलावरचंच एक पाकीट तिने फाडलं. दोन मीटरची कॉर्ड. कुंकू लागलेल्या बोटांनीच तिने टोकांच्या टोप्या काढल्या, आणि जागा नव्हती म्हणून त्या तबकातल्या फुलांशेजारी ठेवल्या. जुनी काढली, नवी बसवली. खट्. हिरवा दिवा लागला.

"झकास!" सर म्हणाले. फोटो निघाला. मग पेढे आले, मालक आले, फुलवाला आला. बदल केला की कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा, हा नियम होता. पेढ्याचा हात पुसून मेसेज टाकू, असं तिच्या मनात आलं आणि मग आलंच नाही.

दसऱ्याला प्रबुद्धची सुट्टी आधीपासून ठरलेली होती. गोवंडीला त्यांच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या वडिलांचं, भाऊरावांचं, तिथे भाषण होतं. "बाबा आठवडाभर आरशासमोर बोलतायत," असं तो हसत म्हणाला होता. ऋतिकाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "जा रे बिनधास्त. मी आहे ना!"

पहिली पेशंट मालकांची सासू होती. गुडघ्याचा फोटो. बोहनी घरातल्याच माणसाची व्हावी, अशी मालकांची इच्छा. फोटो निघाला. वर डॉक्टर पडद्यासमोर बसून होते. फोटो किती आला हे दाखवणारी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. मग पुढे सरकली, मग पुन्हा थांबली. फुलांच्या माळा घातलेल्या दारातून पाहुणे आत येत होते आणि कुंदाताई जिन्यावरून खाली वाकून ओरडत होत्या, "अगं, फोटो पोचेना! आजीबाई विचारतायत, माझा गुडघा जिन्यात अडकला काय!"

पाहुणे हसले. मालक हसले नाहीत.

ऋतिकाने वरचं मशीन बंद करून चालू केलं. खालचा स्विच बंद करून चालू केला. दिवा हिरवा लागायचा, मग लुकलुकायचा. ती कालची कॉर्ड तिच्या मनात येऊन गेली, नाही असं नाही. पण ती तर कोरी होती, पाकिटातून काढलेली. कोऱ्या वस्तूत दोष कसा असेल? पुढचा विचार तिने केला नाही. आणि टोक बघायचा मायक्रोस्कोप प्रबुद्धच्या बॅगेत होता.

"वाट लावली मेल्याने," सर दबक्या आवाजात म्हणाले. "लाव त्याला फोन. वायर त्यानेच बसवलीय ना?"

त्या वेळी सांगता आलं असतं. तिने फोन लावला.

प्रबुद्ध रिक्षाने आला. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पॅन्ट, इस्त्रीच्या घड्या तशाच. फोनवर मागून ऐकू आलेला माइकचा आवाज ऋतिकाला आठवला. ती "काय झालं असेल रे?" म्हणेपर्यंत तो रॅकसमोर गुडघ्यांवर बसला होता. दार उघडून तो क्षणभर नुसता बघत राहिला. मग त्याने कॉर्डचं टोक काढलं, मायक्रोस्कोपला लावलं आणि छोट्या पडद्यावर वाकला. त्याच्या खांद्याआड ऋतिकाला काही दिसलं नाही. त्याने स्पिरिट लावलेला कागद काढून टोक पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. स्विचमधलं तोंडही काडीने साफ केलं. जोडलं. खट्.

"आला, आला!" वरून कुंदाताई. "गुडघा पोचला!"

टाळ्या वाजल्या. आजीबाईंनीही वाजवल्या. मालक पाहुण्यांना घेऊन वर गेले, आणि सर रिसेप्शनच्या टेबलापाशी, फुलवाला, ड्रायव्हर, नर्सबाई अशा सगळ्यांसमोर प्रबुद्धकडे वळले.

"काय होतं?"

"धूळ सर. टोकावर."

"धूळ! एवढ्याशा कामाला काल वेळ नव्हता? की सुट्टीची घाई होती? मुहूर्ताच्या दिवशी माझं नाक कापलंस तू. आणि ही साइट तुला द्यायला निघालो होतो मी."

"हो सर. बघायला हवं होतं."

"हवं होतं! ऋतिकाने कार्ड लावलंय तिथे, वाचता येत नाही तुला?"

प्रबुद्धने मायक्रोस्कोप बॅगेत ठेवला.

ऋतिका दोन हातांच्या अंतरावर उभी होती. धूळ, हा शब्द ऐकल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं, हे ती पुढे कधी स्वतःपासून लपवू शकली नाही. तिला हायसं वाटलं होतं. धूळ कोणाचीही असू शकते.

मग तो पाणी प्यायला वळला, आणि तिला त्याचा खिसा दिसला.

पांढऱ्या शर्टाच्या खिशावर आतून गुलाबी डाग उमटला होता. ओला, पसरत चाललेला. टोक पुसलेला कागद त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला नव्हता, खिशात टाकला होता. धुळीचा डाग गुलाबी नसतो.

ती मागच्या खोलीत गेली. कालचं तबक तिथेच होतं. कॉर्डच्या दोन निळ्या टोप्या अजून त्या सुकलेल्या फुलांशेजारी पडल्या होत्या. तिने एक उचलून उजेडात धरली. आतून लाल होती. जोडायच्या आधी तपासणं तर सोडाच, ज्या बोटाने ठिपके लावले त्याच बोटाने तिने टोक उघडलं होतं.

प्रबुद्ध मागच्या जिन्यात उभा राहून वडिलांशी फोनवर बोलत होता. "झालं? लोक होते?... नाही, येतो ना... हो, जेवूनच." त्याने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. ऋतिकाच्या हातात टोपी होती.

"कुंकू होतं ते," ती म्हणाली.

"हळू बोल."

"तुला कळलं होतं की कॉर्ड बदललीय."

"पाच मीटरची दोन मीटर झाली, ती काय रात्रीत आटली? मायक्रोस्कोपमध्ये लाल दगड दिसत होते, यार. एवढाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?"

"की कुंकू होतं म्हणून."

प्रबुद्धने तिच्याकडे असं पाहिलं, जणू समोरचा मुद्दाम वेड पांघरतोय की खरंच त्याला कळत नाही, हे तो ठरवत असावा.

"मी सांगू? आज? या कपड्यात?" त्याने शर्टाची कड चिमटीत धरली. "पूजेच्या वेळी वर जाऊन बसणारा प्रबुद्ध, दसऱ्याच्या दिवशी, मालकांच्या पाहुण्यांसमोर सांगणार की तुमच्या कुंकवाने लिंक गेली. कोणाच्या लक्षात लिंक राहील गं? धूळ म्हटलं की विषय धुळीवर राहतो. निष्काळजी म्हणतील. म्हणू देत. ते पुसता येतं."

"पण साइट..."

"साइट गेली तर दुसरी मिळेल. त्यांनी मला एकदा 'तो तसला आहे' म्हटलं ना, की मग कुठलीच मिळत नाही."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. वायर कुठली निवडायची हे समजावताना तो जसा बोलायचा तसंच बोलला. ऋतिकाच्या डोक्यात रिसेप्शनमधला आवाज फिरत होता. कार्ड लावलंय, वाचता येत नाही तुला? आणि त्या कार्डावरचा पहिला शब्द. तो रोज दार उघडल्यावर वाचत असणार. पहिल्या दिवसापासून.

"मी सांगते सरांना," ती म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझी चूक आहे."

"मग सांग. पण मला विचारून सांगतेयस असं दाखवू नकोस. मी काही म्हटलेलं नाही."

सर आणि कुंदाताई मागच्या खोलीत जिलबी खात होते. ऋतिकाने आत जाऊन दार लोटलं. तिने सगळं क्रमाने सांगितलं: कॉर्ड तिने बदलली, कोणाला कळवलं नाही, टोक तपासलं नाही, बोटाला कुंकू होतं. टोपी तिने टेबलावर ठेवली. प्रबुद्धने पूजेत काय केलं, काय केलं नाही, याचा उल्लेख टाळत ती फक्त एवढंच म्हणाली, "त्याची काहीच चूक नव्हती सर."

आता ओरडा बसेल, असं तिने धरलं होतं.

सर टोपीकडे बघत राहिले आणि मग खदखदून हसले.

"कुंकू? अगो बाई, मग शुभच झालं की! पहिल्याच दिवशी मशीनचं हळदीकुंकू!"

"आणि हळदीकुंकवाला लाजून बसली लिंक," कुंदाताई म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा हसले. "ऋतिका, घाबरलीस किती गं! पूजेचं लागलंय, काही वाईट नाही त्यात. घे, जिलबी घे."

"सर, तुम्ही प्रबुद्धला सगळ्यांसमोर बोललात."

"मग काय आता? सणाचा दिवस आहे, त्याच्या मनात राहणार नाही." सरांनी बोटं पुसली. "पण तू स्वतःहून येऊन सांगितलंस, याला हिंमत लागते. अशी माणसं हवीत मला. मी विचारच करत होतो, ही साइट तूच बघ. कार्ड-बिर्ड लावतेस, शिस्त आहे तुला."

ऋतिकाला आधी कळलंच नाही. तीच चूक. तेच टोक, तोच कण. धूळ म्हटल्यावर साइट जात होती, आणि कुंकू म्हटल्यावर मिळत होती. तिने कबूल केलं, म्हणून तिला बक्षीस. तिला वाटलं जमिनीत जावं.

"मला नको साइट," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "जोडणी त्याची आहे. लांब कॉर्ड त्याने कारणाने लावली होती, मला माहीत होतं, तरी मी फोटोसाठी काढली. तुम्ही त्याला दिलीच होतीत सर. त्याचीच आहे ती."

कुंदाताईंच्या हातातली जिलबी थांबली. सरांनी ऋतिकाकडे जरा बारकाईने पाहिलं, मग खांदे उडवले. "बरं बाई. एवढी काय लगेच डोळ्यांत पाणी आणतेस! देतो त्यालाच. खूश?"

आणि दार उघडून त्यांनी रिसेप्शनमध्ये हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मघाशी ओरडले होते त्याच आवाजात, फक्त आता हसत.

"ए प्रबुद्ध! ये रे झिला. साइट तुझीच. ऋतिकाने शब्द टाकला तुझ्यासाठी, म्हणून. थँक्यू म्हण तिला."

फुलवाला, ड्रायव्हर, नर्सबाई, सगळे बघत होते. कोणाच्याही बोलण्यात कुंकू आलं नाही, कॉर्ड आली नाही. पांढऱ्या कपड्यातला प्रबुद्ध टेबलापाशी उभा होता. खिशावरचा डाग झाकायला त्याने बॅगेचा पट्टा छातीवर घेतला होता.

"थँक्यू, ऋतिका," तो म्हणाला.

"नाही, सर, तसं नाही," ऋतिका म्हणाली. "लिंक माझ्यामुळे गेली होती. मी कॉर्ड..."

"कळलं गं, कळलं!" सर तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "मोठ्या मनाची आहे पोरगी." आणि ते पाहुण्यांकडे वर निघून गेले. ड्रायव्हर आणि नर्सबाईंनी मोठ्या मनाच्या पोरीकडे कौतुकाने पाहिलं.

ती रॅकपाशी गेली. दार उघडून तिने कार्डाचा कोपरा नखाने सोडवला. चिकटपट्टी चांगल्या प्रतीची होती, तिनेच निवडून आणलेली. अर्धं कार्ड निघालं. वरची ओळ दाराला तशीच राहिली. ती खरवडत बसली. नखाखाली कागदाचा लगदा जमत होता आणि अक्षरं एकेक करून जात होती.

प्रबुद्ध मागे येऊन उभा राहिला. बघत होता, पण मदतीला वाकला नाही. दार नुसतं पांढरं झाल्यावर त्याने आपली पाच मीटरची कॉर्ड मागितली.

"कुठे ठेवलीस माझी?"

तिने खालच्या खणातून काढून दिली. काल काढल्यावर तिचं टोप्या लावायचंही राहिलं होतं.

"पेशंट नाही आत्ता," तो म्हणाला. "बदलून घेतो, म्हणजे मी सुटलो. बाबा जेवायचे थांबलेत."

त्याने टोक मायक्रोस्कोपला लावलं. या वेळी पडदा त्याने तिला दिसेल असा फिरवला होता, की तो तसाच फिरलेला होता, हे तिला ठरवता येईना. करड्या वर्तुळात मधोमध प्रकाशाचा तो बारीक ठिपका होता, आणि त्याच्या बाजूला धुळीचे काही कण. साधी धूळ. त्याने पुसलं. पुन्हा पाहिलं. मग दुसरं टोक घेतलं.

"मी पुसू?" तिने विचारलं.

"हात धुतलेस?"

तिने हात पाहिले. काल रात्री भांडी घासून, आज सकाळी आंघोळ करूनही अनामिकेच्या नखाच्या कडेला तांबूस रेघ होती.

"नाही," ती म्हणाली, आणि हात मागे घेतले.

प्रबुद्धने टोक पुसलं, तपासलं, आणि जोडलं. खट्. मग वायरीचे मोठे, सैल वेढे करून ते बाजूला अडकवले, अगदी परवा होते तसे, आणि बॅग उचलून रिक्षा बघायला बाहेर पडला.